न दिसणारे काम

आमच्या लहानपणी वसईच्या पट्ट्यात बैलगाडीचे चाक दुरुस्त होई, ते चारचौघांच्या देखत. सुताराच्या अंगणात शेणी रचून लोखंडी धाव तापवली जाई. ती लाल झाली, की दोघे-तिघे लांब चिमट्यांनी तिला उचलून लाकडी चाकावर बसवीत आणि वरून पाण्याच्या कळशा ओतीत. पाणी पडताच धाव आकसे, वाफेचा लोट उठे आणि सैल झालेले आरे करकरत पुन्हा आपापल्या जागी आवळले जात. गाडीचा धनी शेजारीच विडी ओढीत उभा असे. चाक नीट बसले की नाही, हे त्यालाच काय, शाळा चुकवून आलेल्या पोरांनाही कळे. पुढे घरोघरी सायकली आल्या, तरी हा रिवाज मोडला नाही. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवी आणि वर येणाऱ्या बुडबुड्यावर बोट ठेवून म्हणे, “हे बघा, इथे आहे.” काम झाल्यावर ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवून, आता बुडबुडा येत नाही, हेही तो दाखवी. तो बुडबुडा त्या धंद्याच्या सचोटीचा साक्षीदार होता.

मोटारगाडीने हा साक्षीदार नाहीसा केला. गाडीचे बॉनेट उघडले, की आपल्यासारख्या सामान्य माणसाला नळ्या, तारा आणि काळवंडलेले लोखंड यांपलीकडे काही दिसत नाही. रोग काय आहे, हे मेकॅनिक सांगतो. औषध कोणते, हेही तोच ठरवतो. औषध दिले की नाही, याची ग्वाहीही तोच देतो. डॉक्टरांच्या बाबतीतही असेच असते, असे कोणी म्हणेल. परंतु डॉक्टरांवर निदान वैद्यक परिषदेची देखरेख असते. सोनाराच्या दुकानात २०२१ सालापासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्कची सक्ती आली. मोटार दुरुस्त करणाऱ्याच्या हातात मात्र आपण आपली गाडी आणि गाडीत बसणाऱ्यांचा जीव सोपवतो, तो केवळ त्याच्या शब्दावर. ज्या व्यवहारात ज्ञान एकाकडे आणि गरज दुसऱ्याकडे असते, तिथे विश्वास ही शोभेची वस्तू राहत नाही. तो त्या व्यवहाराचा कणाच होऊन बसतो.

हा कणा मोडला म्हणजे काय होते, याचा अनुभव आमच्या धर्मग्रामाने नुकताच घेतला. तो येथे नोंदवून ठेवावा असे वाटते. या अनुभवात कोणाची नाचक्की करण्याचा हेतू नाही, म्हणून कोणाचेही नाव घेतलेले नाही.

धर्मग्रामाची गाडी म्हणजे फादरांची गाडी, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्याकडची मारुती ऑम्नी ही २०१२ सालची आहे. कंपनीने ही गाडी बनवणे २०१९ साली थांबवले. पण शाळेची मुले, दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या आणि मयताच्या घरच्या खुर्च्या वाहून नेणारी ही डबीसारखी गाडी अजून गावोगावी दिसते. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे छोटे इंजिन, तेही पुढच्या आसनाखाली. आमची गाडी आठवड्यातून दोनदा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जाते. पावसाळ्यात दूरच्या पाड्यांवरील मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला आणते. आणि रात्री-अपरात्री कोणाच्या घरी दुखणे वाढले, की आमच्या दारावर थाप पडते व गाडी निघते. ती घेतली गेली तीही लोकांच्याच पैशातून. सणाच्या दिवशी मिस्सा संपल्यावर केळीच्या लोंगरांचा, नारळांचा, दुधी भोपळ्यांचा लिलाव होतो. पन्नास रुपयांच्या वस्तूला पाचशे रुपये देऊन लोक हसत हसत घरी जातात. तेव्हा गाडीवर खर्च होणारा प्रत्येक रुपया कोणाच्या तरी वाडीत पिकलेला असतो. धर्मसभेच्या कायद्यातील ५३७ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती असावी लागते. आमच्याकडेही ती आहे आणि ती पैशापैशाचा हिशेब विचारते. ते योग्यच आहे.

एप्रिलच्या अखेरीस गाडीचा तापमान दाखवणारा काटा वर चढू लागला. नेहमीचा मेकॅनिक त्या वेळी गावी गेला होता. म्हणून गाडी महामार्गालगतच्या एका मोठ्या गॅरेजात नेण्यात आली. स्वच्छ फरशी, काचेची केबिन, संगणकावर निघणारी पावती, गणवेश घातलेली मुले. तासाभरात निदान झाले: हेड गॅस्केट उडाले आहे, इंजिनाचे हेड उतरवावे लागेल, वॉटर पंपही बदलावा लागेल. खर्चाचा अंदाज लेखी मिळाला. अर्थसमितीने तो पाहून मंजुरी दिली. चार दिवसांनी गाडी परत मिळाली. बिल तेवीस हजार सहाशे रुपयांचे होते. हेड गॅस्केट, हेडचे फेसिंग, वॉटर पंप, इंजिन ऑइल, मजुरी, अशा सर्व नोंदी त्यावर रीतसर होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले एक जळके, फाटके गॅस्केटही पुराव्यादाखल दाखवण्यात आले.

आठ-दहा दिवस काटा अगदी खाली राहिला. काम उत्तम झाले, असेच सर्वांना वाटले.

मग मे महिन्यातल्या एका रात्री साडेदहाच्या सुमारास एका मावशींच्या छातीत दुखू लागले. जवळच्या रुग्णालयाने प्राथमिक उपचार करून त्यांना मुंबईला हलवायला सांगितले. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. ती परतायला वेळ लागणार होता. मावशींची लेक, जावई, गाडी चालवणारा गावातला तरुण आणि आम्ही असे निघालो. वसईच्या खाडीवरील वर्सोवा पुलाच्या अलीकडे वाहनांची कोंडी होती. ही कोंडी त्या रस्त्याने जाणाऱ्यांना नवी नाही. गाडी दहा हात सरकायची आणि थांबायची. पंधरा मिनिटांत काटा लाल रेषेवर गेला, आसन खालून तापू लागले, गोडसर जळका वास आला आणि वाफेचा फूत्कार ऐकू आला. चालकाने ताबडतोब इंजिन बंद केले. पुढे एक पाऊल टाकणे शक्य नव्हते.

दादरच्या बाजाराकडे भाजी घेऊन निघालेला एक टेम्पो शेजारीच उभा होता. त्याच्या चालकाने काही न विचारता आपल्या साथीदाराला मागे मेथीच्या जुड्यांवर बसवले, आणि मावशींना व त्यांच्या लेकीला पुढे आपल्याजवळ जागा दिली. त्या रुग्णालयात पोहोचल्या, त्यांच्यावर उपचार झाले, आणि आज त्या आपल्या ओट्यावर बसून अबोलीचे वळेसर गुंफतात. ईश्वराची कृपा. परंतु त्या टेम्पोत चढताना त्यांच्या लेकीने आमच्याकडे वळून विचारलेला प्रश्न मात्र कानांतून जात नाही. “फादर, गाडी आत्ताच दुरुस्त केली होती ना?” तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. होते ते केवळ न उमगणे.

दुसऱ्या दिवशी गाडी दोरीने ओढून आणली, ती गावकुसाजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे. सत्तरीचे गृहस्थ, पत्र्याची शेड, जमिनीवर पसरलेले पाने, भिंतीवर जुन्या कॅलेंडरचे चित्र. ते आमच्या धर्मग्रामातले नव्हेत; आमच्या धर्माचेही नव्हेत. त्यांनी सारी हकिकत शांतपणे ऐकली. मग विचारले, “फादर, काटा कधी चढायचा? गाडी पळताना, की उभी असताना?”

आम्ही म्हटले, “उभी असताना. पळताना उतरायचा.”

“मग हेड गॅस्केटचा प्रश्न येतोच कुठे?” असे म्हणून त्यांनी आसन उचलले आणि आम्हांला जवळ बोलावले.

पुढचा तासभर त्यांनी आमची एक शिकवणीच घेतली. इंजिनात पेट्रोल जळते, त्याची उष्णता आतून फिरणारे पाणी शोषून घेते, आणि ते पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन निवते. गाडी पळत असली, की समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. गाडी उभी राहिली, की वारा थांबतो. तेव्हा विजेवर चालणारा पंखा सुरू व्हायला हवा. तो केव्हा सुरू व्हावा, हे पाण्याची उष्णता ओळखणारा एक लहानसा स्विच ठरवतो. आमच्या गाडीतला तो स्विचच निकामी झाला होता. मिस्त्रींनी त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडताच पंखा घरघर करीत फिरू लागला. मूळ दुखणे एवढेच होते.

हेड गॅस्केट गेले असते, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरला असता. निवलेल्या इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून मिस्त्रींनी गाडी सुरू केली आणि आम्हांला आत पाहायला सांगितले. “बुडबुडे दिसतात का?” पाणी संथ होते. ऑइल मापण्याची सळई काढून त्यांनी दाखवली. गॅस्केट फाटून पाणी ऑइलमध्ये मिसळले, की ते दुधाळ चहासारखे दिसते. हे नुसते काळे होते, म्हणजे तेही बदललेले नव्हते. मग टॉर्च लावून त्यांनी हेडचे बोल्ट दाखवले. त्यांच्या कडांवर वर्षानुवर्षांची ऑइलमिश्रित धूळ खडूसारखी घट्ट बसली होती. “याला पाना लागला असता, तर ही खपली राहिली असती का?” वॉटर पंपही जुनाच होता. मात्र एक वस्तू खरोखरच काढण्यात आली होती, ती म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारा हा व्हॉल्व्ह काढून टाकला, की पाणी अखंड फिरत राहते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली राहतो. रोग होता तिथेच राहतो. रोगाची खूण तेवढी काही दिवस पुसली जाते. कूलंटही काढून त्या जागी साधे पाणी भरले होते. आपल्या किनारपट्टीवर कित्येक विहिरींचे पाणी आता मचूळ झाले आहे. तसले पाणी रेडिएटर आतून कुरतडते. ते पाणी गंजाने तांबडे झाले होते.

नवा स्विच, नवा थर्मोस्टॅट, रेडिएटरचे झाकण, कूलंट आणि मजुरी धरून मिस्त्रींनी दोन हजार सहाशे रुपये घेतले. जुने भाग कागदात गुंडाळून आमच्या हाती दिले. चालकाने वाफ दिसताच इंजिन बंद केले, म्हणून हेड वाकले नाही, असेही त्यांनी आवर्जून सांगितले.

ही हकिकत गावात पसरायला वेळ लागला नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी एक तरुण आमच्या कार्यालयात येऊन बसला. तो आमच्याच धर्मग्रामातला. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून तो त्या महामार्गावरच्या गॅरेजात लागला होता. हे बोलणे पापनिवेदनातले नव्हते, आणि त्याची संमती घेऊनच आम्ही ते लिहीत आहोत. तो म्हणाला, “फादर, तुमची गाडी आली तेव्हा मी तिथेच होतो. माझ्या हातात ती नव्हती. पण काय होतंय, ते मला दिसत होतं.”

त्याने जे सांगितले, ते ऐकून आम्ही अंतर्मुख झालो. त्या गॅरेजात मुलांना पगार थोडा आणि बिलावर टक्केवारी जास्त असे. बिल जितके मोठे, तितका मुलाचा हात सढळ. नव्या भागांची रिकामी खोकी जपून ठेवलेली असत. तीच खोकी अनेक गिऱ्हाइकांना दाखवली जात. आम्हांला दाखवलेले ते फाटके गॅस्केट त्याने आपल्या डोळ्यांनी चार-पाच गिऱ्हाइकांना दाखवलेले पाहिले होते. “पहिल्या महिन्यात मला लाज वाटायची,” तो म्हणाला, “तिसऱ्या महिन्यात वाटेनाशी झाली. म्हणून मी घाबरलो.” त्याने ती नोकरी सोडली होती. आता तो रिक्षा चालवतो. पान्याला पुन्हा हात लावायचा नाही, असे त्याने ठरवले आहे.

वाचकहो, आमच्या मते या सर्व प्रकरणातले खरे नुकसान हे आहे. तेवीस हजार रुपये गेले, ते आज ना उद्या भरून येतील. मावशी वाचल्या. पण दोन वर्षे खपून विद्या शिकलेला, हाताला चांगला गुण असलेला एक मुलगा त्या विद्येलाच पाठमोरा झाला. कारण ज्यांनी त्याला काम दाखवायचे, त्यांनी त्याला लबाडी दाखवली.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना मायकल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच विचाराबद्दल. त्यांचे म्हणणे साध्या भाषेत असे: घेणाऱ्याला चांगल्या-वाईटातला भेद कळत नसला, की तो सर्वांनाच सारखे समजून मधला भाव देऊ लागतो; त्या भावात चांगल्या मालवाल्याला परवडत नाही आणि तो बाजारातून उठून जातो; मागे उरतो तो वाईट माल. मिस्त्रींच्या शेडमध्ये बसून आम्ही हेच पाहत होतो. त्यांचा मुलगा या धंद्यात आला नाही. गिऱ्हाईक येते ते आधीच संशय घेऊन येते आणि मजुरीत घासाघीस करते. वर पुन्हा काही जण स्वस्तातला डुप्लिकेट भाग स्वतःच बाजारातून आणून देतात आणि तो आठ दिवसांत मोडला, की दोष मिस्त्रींच्या माथी मारतात. उधारीची वही वेगळीच. “लबाडाने फसवलं, की त्याचा दंड आम्ही भरतो,” असे ते हसून म्हणाले. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, पण थकवा होता.

“चोरी करू नको” ही सातवी आज्ञा आपण मुलांना पाठ करायला लावतो, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीवरून उडी मारणारा चोर उभा राहतो. १९९२ साली संत जॉन पॉल दुसरे यांनी धर्मसभेला दिलेल्या धर्मशिक्षणग्रंथातील २४०९ वा परिच्छेद मात्र चोरीची व्याप्ती बरीच मोठी करतो. वाईट रीतीने केलेले काम आणि खोटी बिले या दोन्हींना त्यात याच आज्ञेच्या भंगात बसवले आहे. त्यानंतर थोड्याच अंतरावर, २४१२ व्या परिच्छेदात, घेतलेले परत करण्याचे कर्तव्य सांगितले आहे. तिथे जक्कयाचा दाखला आहे. त्याने नुसता पश्चात्ताप बोलून दाखवला नाही, चौपट परत करण्याचे वचन दिले. कामाची चोरी ही पैशाच्या चोरीपेक्षा धूर्त असते. कारण चोरी झाली, हेच ज्याची झाली त्याला कळत नाही. कित्येकदा तो आभार मानून घरी जातो.

मेकॅनिक आणि धातुकाम करणारे ज्यांना आपला आश्रयदाता मानतात, त्या संत एलिजियसांची कथा या संदर्भात आठवते. सातव्या शतकात होऊन गेलेले हे संत मूळचे फ्रान्समधील सोनार. राजा दुसरा क्लोथार याने त्यांना रत्नजडित सिंहासन घडवण्यासाठी सोने दिले. काही काळाने त्यांनी एक सिंहासन राजापुढे ठेवले. राजाने कारागिरीची वाखाणणी केली. तेव्हा त्यांनी दुसरेही सिंहासन आणून ठेवले. एकासाठी दिलेल्या सोन्यातच दोन्ही घडली होती. दुसऱ्या एखाद्या कारागिराने कानशीत आणि भट्टीत इतके सोने ‘जळाले’ असे सांगितले असते, तर राजाला ते कळण्याचा मार्ग नव्हता. पुढे ते नॉयों येथील बिशप झाले. पण त्यांचे चरित्रकार त्यांच्या सचोटीची हकिकत सुरू करतात, ती मूशीजवळून. जिथे कोणी पाहत नाही, तिथेच ती पारखली गेली होती.

आता प्रश्न उरला तो गॅरेजचा. क्षमा करावी, हे आपल्याला शिकवले आहे. पण क्षमा म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला त्याच सापळ्यात जाऊ देणे नव्हे. अर्थसमितीचे दोन सभासद आणि आम्ही असे तिघे तिथे गेलो. बरोबर बोल्टांची छायाचित्रे, जुना वॉटर पंप अजून गाडीतच असल्याची मिस्त्रींची सही असलेली नोंद, आणि मूळ बिल एवढेच नेले. मालक प्रथम हसले, मग चिडले, मग मुलांवर घसरले. आम्ही आवाज चढवला नाही. पंधरा दिवसांची मुदत देणारे पत्र टेबलावर ठेवले आणि पोच मागून घेतली. तेराव्या दिवशी सोळा हजार रुपये परत आले. सोबत एका शब्दाचाही खुलासा नव्हता. अर्थसमितीने एकमताने त्यांतील एक रक्कम त्या भाजीच्या टेम्पोवाल्याला देण्याचे ठरवले. तो घेईना. “मावशी बऱ्या आहेत ना? मग झालं,” एवढेच म्हणाला.

पत्राने काम भागले नसते, तर कायद्याचा रस्ता खुला होता, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटी, न केलेल्या कामाचे लावलेले पैसे, हे सारे त्याच्या कक्षेत येते. सामान्य ग्राहक आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. त्याआधी सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

परंतु आयोगाच्या पायरीपर्यंत जाण्याची वेळच येऊ नये, हे अधिक बरे. मिस्त्रींनी सांगितलेल्या काही गोष्टी कुटुंबांच्या उपयोगी पडतील, म्हणून देतो. गाडीचे दुखणे केव्हा होते, हे नीट पाहून सांगावे: उभी असताना की पळताना, थंड असताना की तापल्यावर, चढावर की सपाटीवर. निम्मे निदान त्यातच असते, आणि जो मेकॅनिक हे प्रश्न विचारतच नाही, त्याच्याकडे मोठे काम देण्यापूर्वी दुसऱ्याचे मत घ्यावे. इंजिन उघडायचे म्हटले, तर ‘उघडल्यावर मला बोलवा’ असे सांगावे आणि जाऊन पाहावे. बदलायच्या जुन्या भागावर आधीच रंगाचा ठिपका देऊन ठेवावा. मग कोणाचेही फाटके गॅस्केट कोणालाही दाखवता येत नाही. बिलावर प्रत्येक भागाचे नाव आणि किंमत वेगळी मागावी. आणि चांगले काम झाले, तर घासाघीस न करता पैसे द्यावेत, तेही त्याच दिवशी. या शेवटच्या सूचनेवर मिस्त्रींनी विशेष भर दिला होता.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या. आता गाडीच्या पोटात संगणक आहे, त्याला यंत्र जोडून दोष वाचावा लागतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे तर शास्त्रच निराळे. म्हणजे गाडीचा धनी आणि गाडीचा मिस्त्री यांच्यामधले अंतर पुढील काळात वाढतच जाणार. पडद्यावर दिसणारा दोष खरा की लावलेला, हे आपल्याला कळणार नाही. तेव्हा प्रामाणिक कारागीर शोधणे, त्याला जपणे आणि नवा घडवणे ही गरज आता प्रत्येक घराची आहे. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक मुले गॅरेजांत, वायरिंगच्या कामात, एसीच्या आणि लिफ्टच्या दुरुस्तीत आहेत. ही सारी न दिसणारी कामे. डॉक्टर, इंजिनिअर झालेल्यांचा सत्कार आपण करतो. या मुलांच्या पाठीवरही कोणीतरी हात ठेवायला हवा.

नवी गाडी घेतली, की लोक ती हार घालून देवळासमोर आणतात आणि आम्ही तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद देतो. ही जुनी रीत आहे आणि ती चालूच राहील. येत्या १ मे रोजी, कामकरी संत योसेफ यांच्या सणाला, आम्ही तिला थोडी जोड देण्याचे ठरवले आहे. त्या दिवशी सकाळच्या मिस्साला कारागिरांनी आपापली हत्यारे आणावीत: पाने, पक्कड, करवत, थापी, टेस्टर, जे असेल ते. वेदीसमोर एका जाजमावर ती ठेवली जातील आणि त्यांना आशीर्वाद दिला जाईल. म्हाताऱ्या मिस्त्रींनाही निरोप धाडला आहे, येईन म्हणाले. त्या रिक्षा चालवणाऱ्या मुलाच्या घरी आम्ही परवाच जाऊन आलो. त्याच्या आयटीआयच्या दिवसांतली हत्यारांची पेटी अजून माळ्यावर आहे, असे त्याची आई सांगत होती. तिला गंज चढलेला नाही. ती दर महिन्याला तेल लावून पुसते.